जुनी इलेक्ट्रोमेकॅनिकल पिनबॉल मशीनं आणि मुंबईची हवा : बांधणी, देखभाल, खरेदी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कुणाला घराच्या वाटणीत जुनं पिनबॉल मशीन मिळालेलं असतं, कुणी परदेशातून आणायच्या विचारात असतं, तर कुणाच्या गोदामात ते ताडपत्रीखाली पडून असतं. तिघांचेही प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. उत्तरांआधी माझं मत सांगून टाकतो. मशीनवर कुठल्या कंपनीचं नाव आहे याला मी दुसरा क्रमांक देतो. ते कुठे ठेवलं होतं आणि शेवटचं कधी खेळलं गेलं, हे पहिलं.

इलेक्ट्रोमेकॅनिकल म्हणजे नेमकं काय?

आत चिप नाही, सर्किट बोर्ड नाही. रिले (विजेच्या ओढीने आपोआप उघडमिट करणारे स्विच), कॉइल (वीज मिळाली की दांडा ओढणारी तारेची गुंडाळी), पट्टीचे स्विच, पायरीपायरीने फिरणाऱ्या चकत्या आणि एक छोटी मोटर, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. तुमचा स्कोअर किती झाला हे मशीन 'लक्षात' ठेवत नाही. आकड्यांचं चाक ज्या जागी थांबलं तोच स्कोअर. कितवा चेंडू चालू आहे हेही एका चकतीच्या जागेवरूनच ठरतं.

मे महिन्याच्या सुट्टीत खिळ्यांच्या फळीवर बॅगाटेल खेळलेल्यांना पिनबॉलचं मूळ वेगळं सांगायला नको, हा खेळ त्यातूनच आला. १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'वर पहिल्यांदा फ्लिपर, म्हणजे चेंडू परत वर टोलवणारे छोटे दांडे, आले. हॅरी मॅब्सने ते मशीन बेतलं होतं. तोवर चेंडू एकदा सुटला की खेळणाऱ्याच्या हातात मशीन हलवण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. १९७७च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मशीनं आली आणि दोनतीन वर्षांत हा जुना प्रकार संपला. गॉटलीबने मात्र १९७९पर्यंत काही मशीनं जुन्या पद्धतीने काढली.

गॉटलीब, विल्यम्स, बॅली, शिकागो कॉइन : बांधणी कुणाची चांगली?

चारही कंपन्या शिकागोच्या. त्यांची लाकडं, तारा, स्विच वरवर पाहता एकाच घराण्यातले वाटतात. फरक कळतो तो मशीन उघडून तासभर काम केल्यावर.

गॉटलीबची यंत्रणा मला सगळ्यांत भरवशाची वाटते. वर्षानुवर्षं तेच भाग, तीच रचना. त्यामुळे १९६५चं मशीन ज्याला कळलं त्याला १९७५चं अनोळखी वाटत नाही. रिले दणकट आहेत, वायरिंगचे नकाशे वाचायला सोपे आहेत. दुखणं एकच, सत्तरच्या दशकातली दहा बाजूंची प्लास्टिकची स्कोअर चाकं. ती जराशा मळानेही अडतात आणि कुणी त्यांत तेल घातलं असेल तर हमखास अडतात. नुसतं पुसून भागत नाही, पूर्ण खोलून, धुऊन, कोरडी करूनच बसवावी लागतात. एकदा ते केलं की वर्षानुवर्षं त्रास नाही.

बॅलीची सत्तरच्या दशकातली मशीनं खेळायला जास्त धारदार. त्यांच्या कॉइल साधारण ५० व्होल्टवर चालतात, गॉटलीब आणि विल्यम्सच्या २४ ते २८ व्होल्टच्या घरात. बॅलीचा चेंडू ठोशाने उडतो. पण नेम चुकला की तोच ठोसा प्लास्टिकच्या तुकड्यांवर आणि खांबांवर बसतो, म्हणून बॅली घेताना तुटलेलं प्लास्टिक आधी मोजावं. कल्पकतेत बॅलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९७२च्या 'फायरबॉल'मध्ये पटाच्या मधोमध फिरती तबकडी आहे. अशा प्रत्येक करामतीमागे जास्तीचे रिले आणि जास्तीच्या तारा असतात, हेही ध्यानात घ्यावं. १९७६च्या 'कॅप्टन फँटास्टिक'ची सोळा हजारांहून जास्त मशीनं निघाली, त्यामुळे त्याचे भाग आणि माहिती दोन्ही तुलनेने सहज मिळतात.

विल्यम्स मधली वाट. स्विचपर्यंत हात पोचणं सोपं, चाकं खोलणं सोपं, एकंदर सरळ काम. शिकागो कॉइनची मशीनं मला हलकी वाटतात, साहित्यात काटकसर दिसते. स्वस्तात मिळालं आणि चित्र आवडलं तर जरूर घ्या, पण पहिलं मशीन म्हणून मी सुचवणार नाही.

इटली-स्पेनमध्ये बनलेली मशीनंही कधीकधी समोर येतात. २२० व्होल्ट आणि ५० हर्ट्झसाठीच बांधलेली असल्याने ती आपल्याकडे चालवणं सोपं जातं. सुट्या भागांसाठी मात्र वणवण होते.

पुन्हा सांगतो. कोरड्या घरात राहिलेलं, अधूनमधून खेळलं गेलेलं शिकागो कॉइन हे खाडीलगतच्या पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या गॉटलीबपेक्षा केव्हाही बरं.

एका खेळाडूचं घ्यावं की चार खेळाडूंचं?

मुंबईच्या फ्लॅटसाठी, आणि पहिलंच मशीन असेल तर, एका खेळाडूचं. चार खेळाडूंच्या मशीनला प्रत्येकाची चार-पाच चाकं, म्हणजे एकूण सोळा ते वीस. प्रत्येक चाकाला स्वतःची कॉइल आणि स्वतःचे स्विच. शिवाय पाळी कुणाची हे ठरवणारी वेगळी चकती असते आणि बराचसा घोळ तिथेच होतो. एका खेळाडूच्या मशीनमध्ये हे सगळं चौथ्या हिश्श्यावर येतं, पटाची रचनाही बहुधा जास्त विचारपूर्वक केलेली असते. गॉटलीबची वर रुंद आणि खाली निमुळत्या डोक्याची (डोकं म्हणजे स्कोअर दाखवणारी वरची पेटी) एकखेळाडू मशीनं म्हणूनच जगभर शोधली जातात.

अमेरिकन मशीन आपल्या विजेवर चालेल का?

थेट लावलं तर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. पण खरी गोम व्होल्टमध्ये नाही, हर्ट्झमध्ये आहे.

तिकडे ११५ ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ तेच राहतात. ६० हर्ट्झसाठी बांधलेला मशीनमधला ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल ५० हर्ट्झवर जास्त करंट ओढतात, गुणगुणतात आणि तापतात. यावरचा उपाय साध्या भागाकारात आहे. १२० भागिले ६० म्हणजे २, आणि १०० भागिले ५० म्हणजेही २. म्हणून मशीनला १२० ऐवजी १०० व्होल्टच्या आसपास दिलं की लोखंडी गाभ्यावरचा भार मूळच्याइतकाच राहतो. दिवे थोडे मंद होतात, त्याने बॅकग्लासचं, म्हणजे डोक्यावरच्या चित्राच्या काचेचं, भलंच होतं. फ्लिपर अगदीच मलूल वाटले तर ११०वर जा.

तेव्हा बाजारातला तयार ११० व्होल्टचा डबा घेण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर बांधून देणाऱ्याकडून १००, ११० आणि १२० असे तीन टॅप, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टची जोडणीची टोकं, काढून घ्या. क्षमता ५०० व्हीए ठेवा. प्रायमरी आणि सेकंडरी वाइंडिंग वेगळं असलेला, म्हणजे आयसोलेशन प्रकारचा मागा. स्वस्तातले बहुतेक डबे ऑटो ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन्हींसाठी एकच वाइंडिंग असलेले, असतात आणि काही जुन्या मशीनांत मुख्य लाइनची वीज आतल्या रिलेपर्यंत खेळवलेली असते.

स्कोअर मोटर ५० हर्ट्झवर थोडी संथ फिरेल. पन्नास गुणांचे पाच टोले जरा सावकाश पडतील. तो बिघाड नव्हे.

युरोपात विकल्या गेलेल्या मशीनांच्या ट्रान्सफॉर्मरवर २२० किंवा २४०चे टॅप असू शकतात. प्लग लावण्याआधी आतली पट्टी वाचा.

दोन पिनांचा प्लग तसाच ठेवला तर चालतो का?

नाही. जुन्या मशीनांची कॉर्ड दोन तारांची असते, रबर किंवा कापडी आवरण वाळून तडकलेलं असतं, आणि खेळणाऱ्याचे दोन्ही हात लोखंडी पट्ट्यांवर असतात. तीन पिनांची कॉर्ड लावा. अर्थ ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला, बाजूच्या पट्ट्यांना, नाण्याच्या दाराला आणि पायांना जोडा. घरात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. हे काम मशीन पहिल्यांदा सुरू करण्याआधीचं आहे, यात कुणीही सवलत घेऊ नये. फ्यूजही लिहिला असेल त्याच मापाचा. मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी कॉइल जळते.

पावसाळ्यात मशीनचं काय करायचं?

या यादीतला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा ओली, आणि वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत ती खारटही. या मशीनमध्ये प्लायवूड आहे, लोखंड आहे, तांबं आहे, स्विचच्या पात्यांवर चांदीचे कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकणारे ठिपके) आहेत आणि काचेवर मागून छापलेला रंग आहे. एकही वस्तू अशी नाही जिला ओल मानवते.

जागा निवडताना बाहेरची भिंत टाळा. पावसाची झड ज्या भिंतीवर बसते तिच्यापासून मशीन निदान वीतभर लांब हवं. प्लास्टिकने झाकू नका, आतला दमट श्वास आतच कोंडतो आणि आठवड्याभरात बुरशीचा वास येतो. जुनी सुती चादर उत्तम. पेटीच्या तळाशी सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या रंग बदलल्या की कढईत मंद आचेवर सुकवून परत वापरा (ही कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही). खोलीत डीह्युमिडिफायर असेल तर प्रश्नच मिटला. एसीच्या खोलीत मशीन असेल तर एसी बंद करून लगेच खिडक्या उघडू नका, थंड काचेवर आणि लोखंडावर पाणी धरतं.

आणि खेळा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनतीनदा अर्धा तास खेळलं की दिव्यांची ऊब पेटी कोरडी ठेवते, स्विचची पाती एकमेकांवर घासून आपोआप साफ राहतात, चाकं मोकळी राहतात. चार महिने झाकून ठेवलेलं मशीन दिवाळीत उघडाल तेव्हा एक धड चाक शून्यावर येणार नाही. माझ्या पाहण्यात खेळून खराब झालेल्या मशीनांपेक्षा बसून खराब झालेली मशीनं कितीतरी जास्त आहेत.

तळमजल्यावर राहत असाल तर वाळवीकडेही लक्ष ठेवा. पेटीचा तळ आणि मागचे कोपरे टोच्याने टोचून पाहा. टोच्या सहज आत गेला तर आत पोकळ झालं आहे.

तेल कुठे आणि किती घालायचं?

जवळजवळ कुठेच नाही. कॉइलच्या दांड्याला कधीच नाही, फ्लिपरला नाही, स्कोअरच्या चाकांना नाही. दांडा ज्या नळीतून सरकतो ती नळी खराब झाली असेल तर बदला. जुनी पितळी नळी असेल तर नायलॉनची बसवा, दांडा कोरडाच छान सरकतो. दुकानात मिळणारे गंज सोडवायचे स्प्रे स्विचवर मारणं तर फार वाईट. ते पेट घेऊ शकतात आणि उरलेल्या थरावर धूळ बसते.

पायरीपायरीने फिरणाऱ्या चकत्यांना, म्हणजे स्टेपरना, अगदी पुसटसं कॉन्टॅक्ट ग्रीस चालतं. बोटाला लागेल न लागेल इतकंच.

स्टेपर आणि कॉन्टॅक्ट साफ कसे करायचे?

स्टेपर म्हणजे बेकेलाइटची गोल पाटी, तिच्यावर पितळी रिवेटांच्या रांगा आणि त्यांवरून फिरणारी धातूची बोटं. पन्नास वर्षांपूर्वीचं ग्रीस तिथे काकवीसारखं घट्ट झालेलं असतं आणि त्यात धातूची भुकटी मिसळलेली असते. बोटं कुठे होती त्याचा आधी फोटो काढा. मग चकती सोडवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने मळ काढा, हिरव्या घासणीचा तुकडा रिवेटांवर हलक्या हाताने फिरवा, पुन्हा पुसा. स्प्रिंगचा ताण तपासा. खटका सोडला की चकती शेवटच्या पायरीवरूनसुद्धा झटक्यात शून्यावर यायला हवी. रेंगाळली तर अजून मळ आहे. ताण वाढवून वेळ मारून नेऊ नका.

स्विचची पाती साफ करायला सँडपेपर नको. त्याचे कण अडकतात आणि चांदीचा थर निघून जातो. बारीक लवचीक कानस दोन कॉन्टॅक्टांमध्ये घालून एकदोन हलके हात पुरे. पाती वाकवण्याआधी पात्यांच्या थप्पीचे स्क्रू घट्ट करा. ढिल्या थप्पीवर केलेली जुळवणी दुसऱ्या दिवशी हलते. आणि जो स्विच नीट चालतो आहे त्याला हात लावू नका.

सुरू केलं की मोटर फिरतच राहते, खेळ सुरू होत नाही. काय झालं?

हा या मशीनांचा सगळ्यांत ठरलेला आजार. नवा खेळ सुरू करताना मशीन प्रत्येक चाकाला एकेक ठोका देत शून्यावर आणतं. प्रत्येक चाकाला शून्याच्या जागी उघडणारा एक स्विच असतो. सगळे स्विच उघडले की रिसेट रिले सुटतो आणि मोटर थांबते. एकही न उघडता जोडलेलाच राहिला तर मोटर गरगरत राहते, कारण मशीनच्या लेखी अजून कुणीतरी शून्यावर आलेलं नाही.

मशीन बंद करण्याआधी चाकांकडे पाहा. एखादं चाक जागचं हलतच नसेल तर त्याचा दांडा, खटका किंवा कॉइल पाहा. ते ठोके खातंय पण पुढे सरकत नसेल तर खटका दातेरी चाकावर पूर्ण बसत नाही, म्हणजे मळ किंवा थकलेली स्प्रिंग. सगळी चाकं शून्य दाखवत असतील तरी मोटर फिरते आहे? मग एखाद्या चाकाचा शून्याचा स्विच पुरता उघडलेला नाही. वीज काढून एकेका चाकाची पाती भिंगातून बघा, केसाएवढी फट नसलेली जोडी सापडेल.

त्याच चाकाला नवाचा आणखी एक स्विच असतो. नवावरून शून्यावर जाताना तो डावीकडच्या चाकाला ढकलतो. १९० नंतर २०० होण्याऐवजी १०० झाले तर नजर थेट त्या स्विचवर न्या.

फ्लिपर मंद पडलाय, वास येतोय.

वास येत असेल तर आधी मशीन बंद करा. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक ठोशाचं आणि एक नुसतं धरून ठेवायचं. फ्लिपर वर पोचला की टोकाचा स्विच उघडतो आणि धरून ठेवणारं वाइंडिंग कामाला येतं. तो स्विच उघडला नाही तर ठोशाचा सगळा करंट कॉइलमधून वाहत राहतो आणि ती मिनिटभरात करपते. फ्लिपर हाताने वर दाबून पाहा, त्या स्विचची फट दोनतीन मिलिमीटर दिसली पाहिजे. फ्लिपर नुसता मंद असेल तर बहुधा हाच स्विच काळा पडलेला असतो. यातले कॉन्टॅक्ट टंगस्टनचे, कडक, इथे खरी कानस लागते.

पट आणि बॅकग्लास कशाने पुसावे?

पटावर पाणी नाही. ओल्या फडक्याने लाकडाचे रेषे फुगतात, रंगाला भेगा जातात. नॅफ्था थोडं फडक्यावर घेऊन (खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको) मळ काढा आणि कार्नौबा वॅक्सचा (एका झाडापासून मिळणारं कडक मेण) पातळ हात द्या. चेंडू २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमच्या आसपास. तो खरखरीत झाला की प्रत्येक फेरीला पट खरवडतो, म्हणून वेळीच बदला. या मशीनांना उतार साधारण साडेतीन अंश पुरतो.

बॅकग्लासच्या मागच्या बाजूला हात लावायचा नाही. रंग तिथेच आहे आणि पोपडे धरलेले असतील तर नुसत्या फुंकरीनेही उडतात. पुढची काच पुसा, मागे फक्त मऊ ब्रशने धूळ झटका. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गॉटलीबवर रॉय पार्करची चित्रं आहेत. तसा एक तुकडा गेला की तो कायमचा गेला.

एलईडी लावावे का?

बॅकग्लासमागे उष्णता कमी करायची असेल तर आधी बल्ब बदलून पाहा. ४४ क्रमांकाचा बल्ब ०.२५ अॅम्पिअर घेतो, ४७ क्रमांकाचा ०.१५. उष्णता बरीच कमी, रंग तोच ऊबदार. साधे एलईडी मशीनमधल्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेवर लुकलुकतात आणि जुन्या चित्रांवर त्यांचा पांढरा उजेड मला बघवत नाही.

सुटे भाग मुंबईत कुठे मिळतील?

जेवढं लोकांना वाटतं त्याहून जास्त. सोल्डर, मल्टीमीटर, फ्यूज आणि होल्डर लॅमिंग्टन रोडला. कॉर्ड, स्विच, वायर लोहार चाळीत. स्प्रिंग, कानशी, इंची आट्यांचे बोल्ट नागदेवी स्ट्रीटला, नमुन्याचा जुना स्क्रू सोबत न्या, कारण नुसतं माप सांगितलं तर मेट्रिकच हातात पडतं. जळलेली कॉइल मोटर वाइंडिंगवाला पुन्हा गुंडाळून देऊ शकतो. त्याला तारेची जाडी आणि वेढे मोजायला सांगा. फ्लिपरचे भाग, रबरी कडी, प्लास्टिकचे तुकडे बाहेरूनच मागवावे लागतात. रबरी कड्यांचा एक पूर्ण संच आणि दोनतीन नळ्या जास्तीच्या मागवून ठेवा. आपल्या हवेत जुनं रबर चिकट होतं.

मशीन कुठल्या सालचं आणि किती निघाली, हे इंटरनेट पिनबॉल डेटाबेसवर पाहता येतं. वायरिंगचा नकाशा मिळाल्याशिवाय सौदा पक्का करू नका.

लिफ्टमध्ये बसेल का? शेजारी तक्रार करतील का?

डोकं आणि पाय सोडवले की बहुतेक लिफ्टमध्ये उभं जातं. डोक्याकडे जाणारे जाड प्लग काढण्याआधी त्यांवर खुणा करा, आणि चेंडू आधी बाहेर काढा. पूर्ण मशीन शंभर किलोच्या पुढे भरतं, त्यामुळे दोन हमाल लागतील. परदेशातून आणत असाल तर खोक्याच्या लाकडावर आयएसपीएम-१५चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा, शिक्का हवा. बाकी कागदपत्रांचं क्लिअरिंग एजंटशी माल निघण्याआधी बोला.

आवाजाचं म्हणाल तर घंटा आणि चाइम फारशा खुपत नाहीत. खुपतो तो जास्तीचा खेळ जिंकल्यावर पेटीवर बसणारा ठोका. पायांखाली जाड रबराच्या चकत्या द्या. रात्री दहानंतर खेळायचं असेल तर त्या ठोक्याच्या कॉइलची एक तार काढून टेपने गुंडाळून ठेवता येते, आणि कुठली तार काढली त्याची चिठ्ठी पेटीच्या आत चिकटवा.